जॅराचं डेक: एक उन्हाळा आणि एक हिवाळा काढल्यावर

पर्थमधल्या घरामागे डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा, करायचं ठरलं तेव्हा कॉम्पोझिट (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या फळ्या), बाहेरून येणारं मेरबाऊ लाकूड आणि इथलंच जॅरा लाकूड असे पर्याय होते. आम्ही जुनं जॅरा घेतलं, पाडलेल्या घरांतून निघालेलं. कडक उन्हाळा झाला, पावसाळी हिवाळाही झाला (इथे पाऊस हिवाळ्यातच), म्हणून आता लिहितोय.

लाकूड म्हणून नाव ठेवायला जागा नाही. जॅरा म्हणजे युकॅलिप्टस मार्जिनाटा, आपल्या निलगिरीच्याच गोतातला, पण मूळचा फक्त वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य कोपऱ्यातला. याचे स्लीपर एकेकाळी जहाजाने भारतातल्या रेल्वेसाठी गेले. लंडनच्या रस्त्यांवरही याचे ठोकळे बसवले होते. वाळलेलं जॅरा घनमीटरला ८२० किलोच्या आसपास भरतं, सागवान साधारण ६५०. फळी हातात घेतली की फरक कळतो. गाभ्याच्या लाकडाला वाळवीही सहसा लागत नाही.

हा टणकपणा मजुरीत वसूल होतो. प्रत्येक स्क्रूला आधी भोक पाडावं लागतं, नाहीतर फळी टोकाशी चिरते. त्यामुळे भाव काढताना लाकडाचा आणि मजुरीचा आकडा वेगळा मागा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच हवेत, कारण लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे साध्या लोखंडाभोवती काळं धरतं. आमच्या पायरीच्या फळीवर जुन्या खिळ्यांची भोकं आहेत, प्रत्येकाभोवती शाईसारखं काळं वर्तुळ. सुताराला ती फळी खाली लपवायची होती. मी वरच लावायला लावली.

टॅनिनचा खरा त्रास पहिल्या पावसात. डेकवरून तांबूस पाणी उतरलं आणि शेजारच्या चुनखडीच्या लाद्यांवर ओघळ उमटले. डेक क्लीनरमध्ये ऑक्झॅलिक अ‍ॅसिड असतं. लाकडाला ते चालतं, चुनखडीला अ‍ॅसिड खातं. ओघळ अजून आहेत, पुसट झालेत इतकंच. फिकट लाद्या असतील तर पाणी दुसरीकडे वळवायची सोय आधीच करा.

रंगाचं म्हणाल तर छपराखालचा भाग अजून गडद तांबडा आहे आणि उघड्यावरचा तेल देऊनही करडा पडत चाललाय. ‘एकदा बसवलं की विसरा’ असं दुकानात सांगतात, त्यावर जाऊ नका. तेलाचा कंटाळा असेल तर करडा रंग आवडून घ्या, मजबुतीला त्याने काही होत नाही. भर उन्हाळ्यात दुपारी अनवाणी पाय ठेवण्याची सोय नाही. आई इथे होती तेव्हा तिला मात्र डेक फार आवडलं: कुरडया वाळत घालायला!

जुनंच का घेतलं? इथल्या सरकारने २०२१ मध्ये जाहीर करून २०२४ च्या सुरुवातीपासून नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड थांबवली. आता नवीन जॅरा मिळतं ते जंगलाची विरळणी आणि खाणींसाठी केलेली तोड यांतून. बॉक्साइटसाठी जंगल साफ करून आलेली फळी माझ्या अंगणात नको होती. जुन्यात लांब सरळ फळ्या कमी मिळतात, जोड जास्त येतात. ते मला चाललं.

घर डोंगराकडे, वणव्याच्या पट्ट्यात असेल तर आधी बीएएल रेटिंग (त्या जागेला वणव्याचा धोका किती, ते सांगणारी श्रेणी) बघा. ऑस्ट्रेलियन मानकात वणव्याला टिकणाऱ्या लाकडांची जी यादी आहे तिच्यात ब्लॅकबट, स्पॉटेड गम आहेत, जॅरा नाही.