जड बंपरसाठी पुढचं सस्पेन्शन उचललं: काही महिने वापरल्यानंतर

आधी तक्रार, कारण रोज कानावर तीच येते. गतिरोधक चढताना गाडी गप्प असते, पण चाकं पलीकडे उतरली की पुढून ‘थड्’ असा आवाज येतो, धातूवर धातू आपटल्यासारखा. पिकअप नेहमीच्या रचनेची: पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वरचा आणि खालचा असे दोन आर्म) आणि कॉइलओव्हर शॉक (ज्याच्याभोवतीच स्प्रिंग बसते), मागे पाटे. स्टीलचा बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) मिळून पुढे सुमारे १०० किलो वाढले, म्हणून चुडीची कॉलर (स्प्रिंगची बैठक वर-खाली करणारी रिंग) असलेला, गाडी ५० मिमी उचलणारा लिफ्ट किट बसला. बाकी सगळं ठीक आहे, पण हा थड ठीक नाही. विकणारा म्हणतो, ‘लिफ्ट केल्यावर एवढं होतंच.’ होतंच असं काही नाही. तो टाळता येतो, आणि टाळण्याला अलाइनमेंटपलीकडे पैसे लागत नाहीत.

बंपरने नाक किती खाली येतं ते आधी पाहू. बंपर पुढच्या अॅक्सलच्याही पुढे लटकतो. व्हीलबेस ३.१ मीटर आणि बंपर-विंचचं वजन अॅक्सलपासून ०.८ मीटर पुढे धरलं, तर १०० किलोचे पुढच्या अॅक्सलवर १२६ किलो पडतात आणि मागचा अॅक्सल २६ किलोने हलका होतो. एका चाकावर ६३ किलो, म्हणजे साधारण ६२० न्यूटन. शॉक लोअर आर्मच्या मधोमध कुठेतरी बसतो, त्यामुळे चाक १०० मिमी हललं तर शॉक जेमतेम ५५ मिमी हलतो. स्प्रिंग १०० न्यूटन प्रति मिमीची असली, तरी चाकापाशी तिचा जोर ०.५५ च्या वर्गाने कमी होतो आणि ३० च उरतो. ६२० भागिले ३०: नाक २० मिमी बसतं. म्हणजे बंपरची भरपाई हवी असेल तर गरज २० मिमीची आहे. ५० हा आकडा फोटोसाठी आहे.

आता थड. शॉकची पूर्ण उघडलेली लांबी ठरलेली असते. कॉलर वर फिरवली की ती लांबी वाढत नाही, गाडी फक्त त्या लांबीच्या जवळ जाऊन उभी राहते. मूळ गाडीत चाक खाली लटकायला ९० मिमी जागा असेल, तर बंपरमुळे ती ११० होते. तिथून मूळ उंचीच्याही ५० मिमी वर नेलं की उरतात फक्त ४०. गतिरोधकावरून उतरताना चाकाला याहून जास्त खाली जायचं असतं. शॉक टोकाला जाऊन आपटतो, तोच हा आवाज. दर वेळी त्याचा मार शॉकच्या आतल्या स्टॉपला आणि वरच्या माउंटच्या रबराला बसतो.

हे मोजता येतं. गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या (जमिनीपासून नको, टायरची हवा त्यात गडबड करते). मग चासीखाली जॅक लावून पुढची दोन्ही चाकं एकत्र उचला. एकच उचललं तर अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारी दांडी) त्याला धरून ठेवतो आणि माप खोटं येतं. टायर जमीन सोडून पूर्ण लटकले की पुन्हा मोजा. दोन मापांतला फरक ६० मिमीच्या खाली असेल तर थड ऐकायची तयारी ठेवा.

आवाज भलत्याच ठिकाणचा नाही ना, तेही बघावं. एकाच चाकाच्या छोट्या खड्ड्यात खडखड आली तर अँटी-रोल बारची लिंक. ब्रेक मारताना किंवा रिव्हर्स घेताना एकदाच टक झालं तर शॉकचा खालचा बोल्ट ढिला. स्टिअरिंग फिरवताना कुरकुर आली तर बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा, चाकाला वळू देणारा गोल सांधा). दोन्ही चाकं एकदम खाली पडताना, आणि तेव्हाच येतो तो थड.

सुरुवातीला चुडीची कॉलर हीच या किटची खरी किंमत वाटते: हवी तेवढी उंची, वाटेल तेव्हा. काही महिन्यांनी मत बदललं. कॉलर फिरवणं फुकट असतं, पण उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल), टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) सगळं बदलतं आणि दर वेळी अलाइनमेंटचं बिल येतं. त्यातून चुडीत चिखल आणि बारीक वाळू भरते. साफ न करता पाना लावला की अॅल्युमिनियमची चुडी खाल्ली जाते. आधी ब्रश आणि पाणी, मग तेल, चाक लटकलेलं, आणि मगच पाना. एवढं केल्यावर ‘वाटेल तेव्हा’ कोण फिरवतं? उंची एकदाच ठरवायची असेल तर योग्य वजनाची, ठरलेल्या बैठकीची स्प्रिंग स्वस्तही पडते आणि निश्चिंतही.

दुसरा गैरसमज जड स्प्रिंगबद्दल. कॉलर आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही. १०० न्यूटनची १०० न्यूटनचीच राहते. त्यामुळे उंची परत आली तरी ब्रेक मारल्यावर नाक पूर्वीसारखंच डुबतं. १२० च्या स्प्रिंगने हा त्रास खरंच कमी झाला, खड्ड्यात बंप स्टॉपवर (चाक फार वर गेलं की अडवणारं रबर) आदळणंही कमी झालं. थड मात्र गेला नाही, थोडा मऊ झाला. तो गेला तो उंची मूळच्या २५ मिमी वर आणल्यावर, कारण लटकायला पुन्हा ६५ मिमी जागा मिळाली. स्प्रिंग मागवताना किती इंच लिफ्ट हवी ते सांगू नका, पुढे किती किलो वाढले ते सांगा. वजनकाट्यावर फक्त पुढची चाकं चढवून बंपरच्या आधीचं आणि नंतरचं वजन घेतलं की वाद संपतो. विंच पुढे कधीतरी बसवणार म्हणून आजच तिच्या वजनाची स्प्रिंग घेतली, तर नाक आभाळात आणि थड पुन्हा हजर.

शॉकच्या डोक्यावर बसणाऱ्या स्पेसरचा (जाड चकतीचा) मोह बऱ्याच जणांना होतो, कारण सगळ्यात स्वस्त तोच. २५ मिमीचा स्पेसर चाकाला सुमारे ४५ मिमी उचलतो. यात लटकण्याची जागा कमी होत नाही, पण अख्खं चाकच तेवढं खाली ढकललं जातं. पूर्ण लटकल्यावर वरचा आर्म स्प्रिंगला टेकू शकतो, वरच्या बॉल जॉइंटचा आणि सीव्ही जॉइंटचा (चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचा) कोन टोकाला जातो. उलट बाजूला, खड्ड्यात आर्मच्या बंप स्टॉपआधीच शॉक आतून तळाला लागण्याची भीती. आणि बंपरचं वजन पेलायला स्प्रिंग जुनीच. जड बंपरखाली हा उपाय घेऊ नये.

बसवताना: चासीखाली स्टँड, चाक काढा, एबीएसची वायर आणि ब्रेकचा पाइप क्लिपमधून सोडा, बारची लिंक, वरचा बॉल जॉइंट, शॉकचा खालचा बोल्ट, शेवटी वरचे तीन नट. मधला मोठा नट स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय उघडायचा नाही. दाबलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच पूर्ण आवळा. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. उजवी-डावी ५ ते १० मिमी फरक आला तर जी बाजू खाली बसली आहे तिकडे ५ मिमीची पॅकिंग चकती घाला, चाकापाशी ९ मिमी मिळतात.

अलाइनमेंटवाल्याशी मात्र भांडावं लागतं. त्याच्या पडद्यावर आकडा हिरवा झाला की त्याचं काम संपलं. उचललेल्या गाडीत कॅस्टर घटतो, आणि तो काठावर असला की हिरवा असूनही स्टिअरिंग मध्यावर परत येत नाही, वेगात गाडी भटकते. लोअर आर्मचा पुढचा कॅम (फिरवला की आर्मची जागा सरकवणारा बोल्ट) आत आणि मागचा बाहेर नेला की खालचा बॉल जॉइंट पुढे सरकतो आणि कॅस्टर वाढतो. आधी कॅस्टर, मग कॅम्बर, शेवटी टो, असं सांगून करून घ्या. २५ मिमीला कॅम पुरतात. ५० ला बहुतेकदा संपतात, मग टायरची बाहेरची कड खाल्ली जाते आणि नवीन अपर आर्मचा खर्च समोर येतो. जुन्या गाडीत कॅम बोल्ट बुशच्या नळीत गंजून अडकलेले असतात, ते लिफ्टच्या आधीच सोडवून अँटी-सीझ (बोल्ट अडकू न देणारं ग्रीस) लावून ठेवा.

नवी स्प्रिंग पहिल्या हजारेक किलोमीटरमध्ये ५ ते १० मिमी बसते. त्यामुळे पक्की अलाइनमेंट तेव्हा करा आणि नट-बोल्टही तेव्हाच टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. हेडलाइट लगेच खाली करून घ्या. मागची बाजू रिकाम्या गाडीत पुढच्यापेक्षा २०-३० मिमी उंच राहू द्या, नाहीतर माल भरला की दिवे समोरच्याच्या डोळ्यात जातात. सीव्हीचा आतला बूट (रबरी आवरण) दर सर्व्हिसला हाताने चाचपा. घड्या एकमेकींवर घासून आधी तिथेच ग्रीस बाहेर येतं, आणि वेळेत दिसलं तर बुटावर भागतं, उशीर झाला तर अख्खा जॉइंट बदलावा लागतो.