स्वयंसेवी बोटिंग क्लबमधील अकरा महिने आणि एक रिकामे सिलिंडर

सभासदत्वाच्या नूतनीकरणाचे पत्र पुढच्या महिन्यात येईल. चार महिन्यांपूर्वी ते आले असते, तर मी वर्गणी भरली नसती आणि हा अनुभवही बऱ्याच कडवट सुरात लिहिला असता. गेल्या पंधरवड्यात भर पाण्यात बोटीचे इंजिन बंद पडले आणि त्या पाऊण तासात माझे मत बरेचसे बदलले. अशा क्लबात सुरक्षितता आणि नौकानयन शिकवले जाते, शिकवणारे विनामूल्य शिकवतात आणि सभासदांनी आलटून पालटून कामे करायची असतात, हे वाचकांना ठाऊक असेलच. त्यामुळे थेट अनुभवाकडे वळतो.

आधी तक्रार, कारण ती आजही कायम आहे. वर्षाच्या आराखड्यात पाण्यावरील सरावाचे नऊ दिवस होते, प्रत्यक्षात चार झाले. दोन दिवस वाऱ्यामुळे रद्द झाले, त्याबद्दल काहीच म्हणणे नाही; खराब हवेत धक्क्यावरून परत फिरणे हासुद्धा शिक्षणाचाच भाग आहे. परंतु उरलेले तीन दिवस केवळ प्रशिक्षक उपलब्ध नसल्यामुळे बुडाले आणि तिन्ही वेळा निरोप आला तो आदल्या रात्री. मी पैशाचा हिशेब ठेवणारा माणूस आहे. वार्षिक वर्गणीला चाराने भागले तेव्हा एका दिवसाचा जो खर्च निघाला, तेवढ्यात बोट भाड्याने घेऊन सराव करता आला असता. मी सविस्तर पत्र लिहिले. शिकवणारी मंडळी नोकरीधंदा सांभाळून येतात, असे उत्तर आले. ते खरे आहे आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. तरीही बदली माणूस आठवडाभर आधी ठरवून ठेवायला पैसा लागत नाही, एक वही पुरते. ती वही अजून सुरू झालेली नाही.

आता लाइफ जॅकेटविषयी. पहिल्याच दिवशी सर्वांच्या साहित्याची तपासणी झाली. माझ्याकडे पाण्यात पडताच आपोआप फुगणारे, दीडशे न्यूटन क्षमतेचे जॅकेट होते. ते मी निम्म्या किमतीत जुने घेतले होते, दोन हंगाम वापरले होते आणि प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवले होते, त्यामुळे त्याविषयी मी निर्धास्त होतो. आमच्या ज्येष्ठ प्रशिक्षिकेने ते हातात घेतले, बाहेरचे आवरण उघडले, आतले वायूचे छोटे सिलिंडर पिळून बाहेर काढले आणि काही न बोलता त्याचे तोंड माझ्यासमोर धरले. तोंडावरच्या पातळ पत्र्याला मधोमध सुईने टोचल्यासारखे भोक होते. “हे कधीच फुटून गेले आहे,” एवढेच त्या म्हणाल्या.

याचा अर्थ समजायला मला थोडा वेळ लागला. अशा जॅकेटमध्ये एक विरघळणारी वडी असते. ती भिजली की दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटते, सुई सिलिंडरचा पत्रा भेदते आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड पिशवीत भरतो. माझे जॅकेट आधीच्या मालकाकडे एकदा फुगलेले होते. त्यांनी हवा काढून ते नीट घडी घालून ठेवले होते, दांडीवरची हिरवी पिन नवी बसवली होती, पण सिलिंडर बदलले नव्हते. बाहेरून पाहणाऱ्याला ते सज्ज दिसत होते. दोन हंगामांत माझा धाकटा भाऊ तेच जॅकेट घालून अनेकदा माझ्याबरोबर आला होता आणि त्याला पोहता येत नाही.

त्या दिवशी मला बोटीवर चढू दिले नाही, याचा मला राग आला होता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. सिलिंडर बदलले की काम भागेल, असे माझे म्हणणे होते. पिशवीचीही चाचणी झाली पाहिजे, असा क्लबचा आग्रह होता: तोंडाने फुगवून चोवीस तास ठेवायचे आणि हवा टिकते का ते पाहायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या जॅकेटची डावी बाजू शिवणीपाशी मऊ पडलेली होती. शेवटी नवे जॅकेट घ्यावे लागले. एखाद्या स्वयंसेवी संस्थेने आपल्याला खर्चात पाडावे, हे मला तीन महिने खुपत होते. आज मात्र कोणी क्लबविषयी विचारले, तर मी सर्वांत आधी हीच हकिगत सांगतो. जे दोन हंगामांत माझ्या लक्षात आले नाही, ते त्यांनी दोन मिनिटांत दाखवले.

तेव्हापासून महिन्यातून एकदा मी सिलिंडर काढतो, तोंड पाहतो, वजन करून सिलिंडरवर कोरलेल्या किमान वजनाशी ताडतो, वडीची मुदत वाचतो आणि सिलिंडर हाताने घट्ट बसवतो. सिलिंडरवर ३३ ग्रॅम असे लिहिलेले असते ते फक्त आतल्या वायूचे वजन, हेही मला येथेच कळले. तिसऱ्या तपासणीत नव्या जॅकेटचे सिलिंडर अर्धा फेरा सैल झालेले आढळले. बोटीच्या हादऱ्यांनी असे होते, असे प्रशिक्षिकेने पहिल्याच दिवशी सांगितले होते. मांड्यांमधून घेण्याच्या पट्ट्यांनाही तेवढेच महत्त्व आहे. त्या बांधल्या नाहीत, तर पाण्यात जॅकेट वर सरकते आणि माणूस त्याखाली लोंबकळत राहतो. ते आम्हाला उथळ पाण्यात प्रत्यक्ष करून दाखवले.

वर्गातल्या शिक्षणाबद्दल सुरुवातीला माझे मत बरे नव्हते. टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम, दिव्यांचे कोन, भोंग्याचे संकेत, हे सगळे पुस्तक वाचूनही समजते, असे मला वाटत असे. एका रात्रीच्या सरावाने ते मत खोडून काढले. काळोखात समोर एक लाल आणि एक हिरवा असे दोन्ही दिवे एकदम दिसले, त्यांच्या वर पांढरा. बाजूचा प्रत्येक दिवा सरळ पुढच्या दिशेपासून ११२.५ अंशांपर्यंतच दिसतो, हे मला पाठ होते. दोन्ही दिसतात याचा अर्थ ती बोट सरळ आपल्यावर येत आहे, हेही पाठ होते. तरीही सुकाणू उजवीकडे वळवायला मला जितका वेळ लागला, तितका वेळ खऱ्या प्रसंगी मिळाला नसता. दुसऱ्या फेरीत हात आपोआप वळला. होकायंत्रावर समोरच्या बोटीची दिशा बदलत नसेल तर टक्कर होण्याचा धोका आहे असे समजावे, हा नियमही त्याच रात्री अंगवळणी पडला. असे चारऐवजी नऊ दिवस मिळाले असते, तर मी आज किती पुढे असतो, हा विचार मनातून जात नाही.

गाठींचा वर्ग चांगला होता, नकाशाचा थोडा रटाळ. रेडिओचा वर्ग छोटा पण नेमका होता: सोळा क्रमांकाच्या चॅनलवर आधी ऐकायचे, मग बोलायचे, आणि संकटाच्या हाकेत बोटीची ओळख दिल्यावर लगेच, बाकी तपशिलाच्या आधी, आपण कोठे आहोत हे सांगायचे, कारण संपर्क मध्येच तुटला तरी शोधणाऱ्यांना जागा कळलेली असते.

आता इंजिनाची गोष्ट. भाऊ आणि पुतणी बरोबर होते. इंजिनामागून पडणारी पाण्याची बारीक धार दर थोड्या वेळाने पाहायची सवय क्लबने लावली होती. ती थांबलेली दिसली आणि पाठोपाठ इंजिन तापल्याची शिटी वाजली. मी इंजिन बंद केले. वारा आम्हाला खडकांच्या बाजूला ढकलत होता. पूर्वी मी वाकून इंजिनाशी झटापट सुरू केली असती. या वेळी आधी नांगर टाकला. पाणी चार मीटर खोल आणि बोटीचे टोक पाण्यापासून एक मीटर उंच, म्हणजे पाच मीटर; वारा असल्यामुळे त्याच्या सातपट, पस्तीस मीटर दोर सोडायचा. दोरावर दर पाच मीटरला रंगीत धागा बांधण्याचे काम क्लबच्या अंगणात बसून केले होते, तेव्हा ते मला वेळकाढूपणाचे वाटले होते. आता ओल्या हातांनी सात धागे मोजले. दोर ताणला गेल्यावर त्यावर तळहात टेकवला. नांगर तळावरून घसरत असेल, तर दोरातून खरखर जाणवते. ती जाणवली नाही. किनाऱ्यावरचे एक झाड आणि त्यामागचा खांब एका रेषेत धरून पाहिले, ते सरकले नाहीत. मगच इंजिन वर उचलले. थंड पाणी आत घेणाऱ्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटलेली होती. ती काढली, इंजिन निवू दिले आणि पुन्हा सुरू केल्यावर पाण्याची धार आली. पुतणीने तोवर दोन वेळा विचारले होते, “काका, आपण अडकलो का?” आणि दोन्ही वेळा मला तिला शांतपणे उत्तर देता आले.

मी वर्गणी भरणार आहे. अर्जासोबत दुसरे पत्रही देणार आहे: पाण्यावरच्या प्रत्येक दिवसासाठी दोन प्रशिक्षकांची नावे आठवडाभर आधी फलकावर लागावीत, आणि ती यादी सांभाळण्याचे काम मी स्वतः करायला तयार आहे. नवीन सभासदांच्या पहिल्या तपासणीत जॅकेट उघडून दाखवण्यासाठी माझे ते जुने सिलिंडर मी क्लबला दिले आहे. ते आता साहित्याच्या कपाटात, दारालगतच्या खिळ्यावर टांगलेले आहे.