दंडावर बांधायचे रक्तदाब यंत्र : बेळगावात घेतले, घरात वापरले

रक्तदाब मोजण्याचे स्वयंचलित यंत्र आता बेळगाव, निपाणी, चिकोडीच काय, खानापूरच्या औषध दुकानातही मिळते, आणि साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास ते बसत असल्यामुळे आईवडिलांसाठी घेऊन टाकण्याकडे बहुतेक मुलांचा कल असतो. आमच्या शहापुरातल्या घरी असे एक यंत्र आईसाठी बरेच महिने वापरात आहे. तिला उच्च रक्तदाब असून रोज अॅम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी चालू आहे. यंत्राबद्दल माझे मत चांगले आहे. परंतु ते उपयोगी पडले यात यंत्राइतकाच वाटा पट्ट्याच्या मापाचा आणि मोजण्याच्या रीतीचा आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जी तक्रार मांडणार आहे ती एकाच कंपनीपुरती नाही.

प्रथम पट्ट्याविषयी. बऱ्याच यंत्रांच्या खोक्यात जो पट्टा येतो तो २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. हे खोक्यावर छापलेले असते, पण इतक्या बारीक अक्षरात की ज्यांच्यासाठी यंत्र घ्यायचे त्या वयाच्या माणसाला ते वाचता येणार नाही. खडेबाजारातल्या ज्या दुकानातून आम्ही यंत्र घेतले तिथल्या वयस्कर दुकानदारांनी आईकडे पाहताच गल्ल्यातून टेप काढला आणि म्हणाले, "मशीन राहू दे ओ बाजूला, आधी मावशींच्या दंडाचं माप घेऊया." माप ३४ सेंटिमीटर भरले. जाड दंडावर लहान पट्टा आवळला की आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो आणि बारीक दंडावर मोठा पट्टा ढिला बसला की कमी येतो. म्हणजे यंत्र निर्दोष असूनही माणूस नसलेल्या आजाराच्या गोळ्या घेऊ शकतो, किंवा असलेला आजार अंगावर काढू शकतो. मोठा पट्टा वेगळे पैसे मोजून मागवावा लागला. कंपन्यांनी दोन्ही मापांचे खोके बाजारात ठेवायला हरकत नाही. बऱ्याच कंपन्या ते ठेवत नाहीत, ही माझी मुख्य तक्रार आहे.

यंत्र चालते कसे, हे समजून घेतल्यास त्याच्याकडून कितपत अपेक्षा ठेवावी हेही कळते. पाऱ्याच्या जुन्या यंत्रात डॉक्टर पट्टा फुगवून हळूहळू हवा सोडतात आणि स्टेथोस्कोपने धमनीतला आवाज ऐकतात. हे आवाज रशियन डॉक्टर कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये वर्णिले. घरगुती यंत्र आवाज ऐकत नाही. पट्ट्यातली हवा कमीजास्त होत असताना धमनीच्या ठोक्यांमुळे पट्ट्यात जी सूक्ष्म थरथर उठते ती ते टिपते, आणि ती थरथर कोणत्या दाबाला सर्वांत मोठी होती यावरून कंपनीने बसवलेल्या गणिताने वरचा व खालचा आकडा काढते. हे गणित प्रत्येक कंपनीचे आपापले असते. म्हणून दोन यंत्रांत थोडा फरक पडला तर बिचकू नये. मात्र घेताना त्या मॉडेलची अचूकता तपासून प्रमाणित झालेली आहे का, हे विचारलेच पाहिजे.

मोजण्याची रीत माहितीपत्रकात दिलेली आहे, परंतु घरात ती क्वचितच पाळली जाते. आई सुरुवातीला स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत यायची, ब्लाउजची बाही वर सरकवायची आणि पट्टा फुगत असताना शेजारच्या काकूंना कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगायची. आकडा आला १६२. बाही वर आवळलेली, पाठीला टेका नाही, हात मांडीवर, त्यात बोलणे चालू. यातली प्रत्येक गोष्ट आकडा वाढवते. तिला खुर्चीत टेकून पाच मिनिटे स्वस्थ बसवले, पाय जमिनीवर टेकवले, मोकळा दंड टेबलावर उशी देऊन छातीच्या पातळीला आणला आणि गप्प राहायला सांगितले, तेव्हा तोच आकडा १४० च्या खाली आला. चहा, विडी किंवा तंबाखू मोजण्याआधी अर्धा तास नको. निपाणी भागातल्या वाचकांना हे खास सांगावेसे वाटते, कारण दाढेत तंबाखूची चिमूट ठेवूनच पट्टा बांधणारे आमच्याच नात्यात आहेत. एकदा दोन्ही दंडांवर मोजून पाहावे आणि ज्यावर जास्त येतो तोच दंड पुढे कायम ठेवावा.

यंत्राची खरी किंमत वसूल झाली ती वहीमुळे. तपासणीला जाण्याआधी आठवडाभर सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी, एकेका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचे, पहिला दिवस सोडून द्यायचा आणि उरलेल्याची सरासरी काढायची, असा नियम आहे. दवाखान्यात आईचा रक्तदाब १५६/९० भरला होता आणि गोळी दुप्पट करण्याची भाषा चालू होती. वहीतली सरासरी १३१/८० निघाली. दवाखान्यात १४०/९० पासून रक्तदाब वाढलेला मानतात, तर घरच्या मोजणीत ती मर्यादा १३५/८५ धरतात. म्हणजे आई आटोक्यात होती आणि वाढत होता तो डॉक्टरांसमोर बसल्यावरचा दाब. डॉक्टरांनी वही नीट पाहिली आणि मात्रा आहे तीच ठेवली. अॅम्लोडिपिनची मात्रा वाढली की अनेकांच्या घोट्यांना सूज येते, त्यामुळे हा निर्णय आईच्या दृष्टीने लहान नव्हता. याच्या उलटही घडते: काहींचा दाब दवाखान्यात उत्तम आणि घरी चढलेला असतो, आणि तो घरी मोजल्याशिवाय सापडत नाही.

वहीतून आणखी एक गोष्ट दिसली. गुडघेदुखीसाठी आईने दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घेतल्या त्या दिवसांत आकडे चढे होते. अशा वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि रक्तदाबाच्या औषधाचा परिणाम कमी करतात, असे डॉक्टरांनी सांगितले. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. त्यात लोणचे, पापड आणि सांडगेही धरायचे, हे मात्र आईला अजून मान्य नाही.

यंत्र काय सांगू शकत नाही तेही स्पष्ट असावे. पडद्यावर कधी कधी अनियमित ठोक्यांचे चिन्ह येते. ते एकदा आले म्हणून घाबरायचे कारण नाही, परंतु वारंवार आल्यास ईसीजी काढावा, कारण हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडली असेल तर तिथे गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. शिवाय अशा लयीत यंत्राच्या आकड्यांवरही तेवढा भरवसा ठेवता येत नाही. हृदयविकाराचा झटका या यंत्राला कळत नाही. छातीत दडपण, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असताना १२०/८० दिसले म्हणून थांबणे जिवावर बेतू शकते. तेव्हा मोजत न बसता १०८ ला फोन करावा. कर्नाटकात पुनीत राजकुमार यांच्या नावाने सुरू झालेल्या हृदय ज्योती योजनेत ठरावीक तालुका व जिल्हा रुग्णालयांत ईसीजी काढून गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन मोफत दिले जाते, त्यामुळे आपल्या जवळच्या कोणत्या रुग्णालयात ही सोय आहे याची चौकशी आधीच करून ठेवावी. वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजावे. तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, आणि सोबत छातीत दुखणे, धाप, बोलणे अडखळणे किंवा हातापायात अशक्तपणा असेल तर तातडीच्या विभागातच जावे.

मनगटावर बांधायचे यंत्र स्वस्त आणि सुटसुटीत असले तरी हात थोडा खालीवर झाला की आकडा बदलतो, म्हणून ते घेऊ नये. मोबाइलला जोडणाऱ्या मॉडेलसाठी जादा पैसे घालण्याइतका उपयोग मला दिसला नाही. आमचे यंत्र चार सेलवर चालते, त्यामुळे वीज गेली तरी अडत नाही. अॅडॉप्टर खोक्यात नव्हता आणि आम्हाला त्याची गरजही पडली नाही. वर्षातून एकदा ते दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या मोजणीशी ताडून घ्यावे, आणि विकत घेतानाच वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का व तारीख मागून घ्यावी, कारण पट्ट्याची नळी यंत्राला जोडते तिथे ती सर्वांत आधी ढिली पडते.