हँडल फिरवून, पेडल मारून फोन चार्ज होतो का? एका पावसाळ्याचा अनुभव

आधी उत्तर देतो. हँडलवर चार्ज होतो, पण साधा बटणांचा फोन. स्मार्टफोनला हात पुरत नाहीत, पाय लागतात. दापोली तालुक्यात अख्खा पावसाळा आणि त्यापुढचे काही महिने मी तीन गोष्टी वापरल्या: हँडलचा टॉर्च-रेडिओ, सायकलच्या पुढच्या चाकातला हब डायनॅमो आणि घरी जुळवलेला पेडल जनरेटर.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा इकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते. वादळ नसलं तरी जून-जुलैत तारेवर झाड पडलं की लाइट कधी येईल याचा नेम नाही. सोलर पॅनल आहे, पण आभाळ भरून आलं की ऐन गरजेला त्यातून फारसं काही मिळत नाही. म्हणून ही अंगमेहनतीची वीज.

हँडलचा हिशोब सरळ आहे. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास वीज मावते. सेकंदाला दोन फेरे या वेगानं हँडल फिरवलं की यूएसबी मीटरवर दोन वॅटच्या आसपास आकडा दिसतो. दहा मिनिटं फिरवून स्मार्टफोन जेमतेम दीड टक्का वाढतो. फोन नेटवर्क शोधत असेल तर तेवढं तो तिथल्या तिथे खातो. बटणांच्या फोनची बॅटरी मात्र १००० एमएएचची असते, त्यामुळे तेवढ्याच मेहनतीत सहा-सात टक्के मिळतात आणि मुंबईला फोन करून ‘आम्ही बरे आहोत’ एवढं निवांत सांगता येतं. हँडलचं यंत्र घेणार असाल तर सोबत असा एक फोन घरात ठेवाच, नाहीतर पैसे वाया.

रेडिओ आणि टॉर्चला मात्र हँडल अगदी योग्य, कारण त्यांना वीजच फार थोडी लागते. मिनिटभर फिरवलं की रेडिओ दहा मिनिटं तरी बोलतो. ट्रेव्हर बेलिस या इंग्लिश संशोधकानं १९९१ मध्ये किल्लीचा रेडिओ बनवला तो याच जोरावर. लॅपटॉपचं गणित वेगळं, त्याला वीज कितीतरी जास्त लागते. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये ट्युनिसला मुलांसाठीचा स्वस्त लॅपटॉप दाखवला, त्याला पिवळं हँडल होतं. प्रत्यक्षात मुलांच्या हाती आला तो एक्सओ लॅपटॉप हँडलशिवाय. तोच पुढे आपल्या रायगडमधल्या खैराटच्या शाळेतही पोहोचला. घेताना एक बघा: रेडिओला एफएमबरोबर मीडियम वेव्ह आहे का. आमच्या खोऱ्यात एफएम नीट पकडत नाही.

माझ्या यंत्राच्या मुठीचा प्लॅस्टिकचा सांधा काही महिन्यांतच तडकला. खाऱ्या हवेनं यूएसबीच्या तोंडाशी हिरवट थर धरतो, तो सुक्या ब्रशनं काढावा लागतो. आतली बॅटरी पडून राहिली की मरते, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी न विसरता फिरवत राहायचं.

हब डायनॅमो ही फार चांगली वस्तू. पूर्वी टायरला घासून चालणारा बाटलीसारखा डायनॅमो असायचा, तो चिखलात घसरायचा आणि पाय जड करायचा. हबमधला चाकाच्या मध्यभागी बंद असतो, पावसाचा त्याला त्रास नाही, आणि चालू आहे हे पायाला जवळजवळ कळत नाही. ताशी १५ किलोमीटरच्या आसपास ६ व्होल्ट, ३ वॅट मिळतात. वीज एसी असते, म्हणून मध्ये तिची डीसी करणारा रेक्टिफायर आणि व्होल्टेज ५ वर आणणारा कन्व्हर्टर हवाच. सपाटीवर दोन तास चालवली की स्मार्टफोन पाव भरतो. पण कोकणात सपाटी कुठली! चढावर वेग सात-आठवर येतो आणि चार्जिंग तुटतं, उतारावर पुन्हा सुरू होतं. दर वेळी फोनचा स्क्रीन उजळतो आणि मिळवलेलं त्यात जातं. यावर उपाय म्हणजे मध्ये छोटी पॉवर बँक ठेवायची आणि फोन तिच्यावर लावायचा. काही पॉवर बँका इतका कमी करंट घेतच नाहीत, तेव्हा घेण्याआधी लावून बघा.

घरासाठी मात्र पेडल जनरेटरच. सायकल स्टँडवर, मागच्या चाकावरून पट्टा, पट्ट्यावर इलेक्ट्रिक स्कूटरची जुनी २४ व्होल्टची डीसी मोटर, पुढे बॅटरीत जाणारी वीज आवरणारा चार्ज कंट्रोलर आणि १२ व्होल्टची बॅटरी. माझ्यासारख्या मध्यम तब्येतीच्या माणसाला तीस-चाळीस वॅट सावकाश, गप्पा मारत काढता येतात. पाऊण तासात एका स्मार्टफोनपुरती वीज निघते, बॅटरीतली आणि कन्व्हर्टरमधली गळती धरूनसुद्धा. अन्नाच्या हिशोबात तेवढी मेहनत म्हणजे दीडेक चपाती. पट्ट्याचा ताण पावसाळ्यात सारखा बघावा लागतो, ओला झाला की सरकतो. शेजारची मुलं आळीपाळीनं बसतात. बॅटरी न लावता नुसतं फिरवलं तर पेडल हलकं, बॅटरी जोडली की लगेच जड. वीज खरंच कुठून येते ते त्यांना पाचवी-सहावीतच पायानं कळलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ज्यांना पहिली वस्तू घ्यायची आहे त्यांनी मे महिन्यातच १०००० एमएएचची पॉवर बँक भरून ठेवावी, मग रेडिओवाला टॉर्च, आणि घरात सायकल असेल तर हब. पेडल जनरेटर चार-पाच घरांनी मिळून केला तरच परवडतो. तो जोडताना मोटर आणि बॅटरीच्या मध्ये डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, टाकायला विसरू नका. तो नसेल तर पाय थांबले की बॅटरीच उलट मोटर फिरवायला लागते, आणि पाऊण तासाची मेहनत उलटी वाहून जाते.