फ्लायव्हील बदलायच्या आधी इथे दाखवून घ्या (पोलोग्राउंड, इंदूर)

क्लचचं काम निघालं की फ्लायव्हीलचा (इंजिनमागचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं जड चाक; क्लच प्लेट त्यालाच घासते) निकाल बहुतेक ठिकाणी दोनच प्रकारे लागतो. एक तर "नवीनच टाका", नाहीतर पॉलिश पेपर फिरवून तेच परत चढवायचं. पोलोग्राउंडच्या औद्योगिक वस्तीतलं हे खराद (लेथ) आणि ग्राइंडिंगचं दुकान आधी मोजतं आणि मग बोलतं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

माझी गाडी मारुतीची ईको व्हॅन, पेट्रोल. रामबागेतून भंवरकुआच्या कोचिंगवाल्या मुलांचे डबे पोचवते. जेल रोडची कोंडी आणि ड्रायव्हरचा पाय कायम हाफ क्लचवर, तेव्हा क्लच किती टिकणार? पहिल्या गिअरला क्लच सोडला की अख्खी गाडी थडथडायची, आमटी झाकणाबाहेर. गिअरबॉक्स उतरवला तर क्लच प्लेटचे रिवेट उघडे पडलेले, आणि त्यांनी फ्लायव्हीलवर गोल चरे पाडलेले. मधेमधे निळे-काळे डाग. गॅरेजवाल्याने (नाव घेत नाही) त्याला हातही न लावता नव्याचा भाव सांगितला. भाचा म्हणाला, "मावशी, फेकायचंच असेल तर उद्याही फेकता येईल. आज खरादवर दाखवू."

दुकानाचे उस्ताद वयस्कर आहेत, कमी बोलतात. मी विचारलं, चालेल का? तर म्हणे, "भाभीजी, पहले देखूँगा, फिर बोलूँगा।" आणि खरंच बघितलं. आधी डिझेलने धुऊन घेतलं, दोरीला टांगून हातोडीने हलकंच वाजवलं. बीड तडकलेलं असेल तर आवाज बद्द येतो, आमचं खणखणीत वाजलं. तरी त्यावर विसंबले नाहीत. तडे दाखवणारा लाल डाय (रंग) मारला, थोडा वेळ मुरू दिला, पुसून काढला आणि वर पांढरा स्प्रे. हळूहळू त्या पांढऱ्यावर केसासारख्या बारीक लाल रेघा उमटल्या. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी बोटाने दाखवलं: रेघा सगळ्या घासणाऱ्या पट्ट्यातच होत्या, छोट्या आणि वरवरच्या. त्यातली एखादी बोल्टच्या भोकाकडे किंवा बाहेरच्या काठाकडे धावत असती तर ते चाक त्यांनी हातात घेतलं नसतं. इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेतं; त्या वेगात बीड फुटलं तर तुकडे गिअरबॉक्सचं घर फोडून बाहेर येतात.

निळ्या डागांची गोष्टही तिथेच कळली. क्लच घसरून तापतो, तिथलं बीड तापून एकदम गार होतं आणि कडक बनतं. लेथवर घेतलं तर हत्यार त्या कडक जागेवरून उडी मारून जातं आणि बारीक उंचवटा राहतो. नवी प्लेट टाकूनही मग थडथड होतेच. म्हणून त्यांनी लेथला नाही म्हटलं आणि फिरत्या दगडावर ग्राइंडिंग केलं. 0.3 मिमीच्या आसपास माल निघाला, रेघा गेल्या. परत डाय मारून खात्री केली. डाग मात्र पुसट दिसत राहिले. ते म्हणाले, यापेक्षा खोल गेलेले असते तर घासून उपयोग नव्हता, कारण खाली जाडी उरली नसती. जाडीची किमान मर्यादा प्रत्येक मॉडेलची वेगळी. त्यांच्याकडे एक तेलकट वही आहे, तिच्यात नव्या फ्लायव्हीलची मापं लिहिलेली असतात. आमचं मायक्रोमीटरने त्याच्याशी ताडून पाहिलं. प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते ती) जिथे बसते ती कड आणि घासणारा भाग यांच्या उंचीतला फरकही ग्राइंडिंगच्या आधी आणि नंतर मोजला. हा फरक बिघडला की प्लेटवरचा दाब बदलतो.

फ्लायव्हीलच्या कडेचे, स्टार्टर ज्यांत अडकतो ते दातही तपासले. चार सिलेंडरचं इंजिन बंद होताना साधारण समोरासमोरच्या दोन जागी थांबतं, म्हणून दात तिथेच जास्त झिजतात. आमचे ठीक होते. नसते तर फक्त दातांची रिंग बदलता येते, ती तापवून चढवतात.

माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट त्यांनी पैसे न घेता सांगितली. मधल्या बोल्टपासून बाहेर पसरलेले तेलाचे ओघळ दाखवून म्हणाले, क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं, तेल अडवणारं सील गळतंय, ते आत्ताच बदला, नाहीतर नवी प्लेट तेल पिऊन जाईल. गॅरेजमध्ये हे कोणाच्या डोळ्यांना दिसलं नव्हतं.

आमच्यासमोरच एक जण डिझेल गाडीचं डबल मास फ्लायव्हील घेऊन आला होता, दोन थाळ्या आणि आत स्प्रिंगा असतात ते. दोन्ही थाळ्यांमधली ढिलाई हाताने फिरवून पाहिली आणि सरळ परत दिलं. घासून देऊन पैसे घेता आले असते की. माणूस वाद घालत राहिला, उस्ताद चहा पीत राहिले.

आता तक्रारी. संध्याकाळी देतो म्हणाले, मिळालं दुसऱ्या दिवशी दुपारी; माझे डबे त्या दिवशी रिक्षाने गेले, तो खर्च वेगळाच. पक्कं बिल नाही, चिठ्ठीवर 600 रुपये. ग्राइंडिंगची भुकटी भोकांमध्ये तशीच होती. बसवण्याआधी ब्रेक क्लीनरने साफ करावं लागलं. बॅलन्सिंगचं (चाक फिरताना थरथरू नये म्हणून वजन सगळीकडे सारखं करायचं) मशीन नाही. सगळ्या बाजूंनी सारखा माल निघाल्यावर आमच्या गाडीला ते लागलं नाही, पण ज्यांना लागेल त्यांनी दुसरीकडे विचारावं.

नवी प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि ते सील टाकून गाडी पुन्हा रस्त्यावर आहे. थडथड गेली. ओंकारेश्वरला जाताना भेरू घाटात भरल्या गाडीनिशी चढावर थांबवून पुन्हा उचलली, वास नाही, धक्का नाही.

जाणार असाल तर धर्मकाट्याच्या (ट्रकच्या वजनकाट्याच्या) पुढच्या गल्लीत विचारा, पाटी पुसली गेली आहे. फ्लायव्हील काढताना मेकॅनिकला क्रँकवर खूण करायला सांगा, म्हणजे त्याच जागी बसेल. प्रेशर प्लेट आणि जुनी क्लच प्लेटही सोबत न्या; कुठे काय घासलंय ते उस्ताद त्यावरून ओळखतात. सकाळी लवकर गेलात तर त्याच दिवशी मिळायची थोडी आशा. रविवारी बंद.