लॉ स्कूलची मेल आणि फी माफी: कुठली मनावर घ्यायची, कुठली नाही

एलसॅटचा, म्हणजे लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेचा, स्कोअर आला की अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या मेल ढिगाने यायला लागतात. माझ्या भाचीचा इनबॉक्स सध्या असाच भरलाय, तुमचं प्रोफाइल आवडलं, हा कोड टाका, अॅप्लिकेशन फी माफ, आणि घरच्यांना वाटतं अॅडमिशन झाल्यातच जमा. तसं अजिबात नसतं!

एलसॅक म्हणजे ही परीक्षा घेणारी संस्था. तिच्या अकाउंटवर कँडिडेट रेफरल सर्व्हिसला, म्हणजे आपली माहिती कॉलेजांना दाखवायला, हो म्हटलेलं असतं, त्यातून कॉलेजं स्कोअर, जीपीए (ग्रॅज्युएशनच्या मार्कांची सरासरी), राज्य असे फिल्टर लावून नावं काढतात आणि सगळ्यांना एकच मेल पाठवतात. तुमचा एसे तोवर कुणी वाचलेलाच नसतो.

आता फरक बघा. स्कोअर यायच्या आधीच आलेली मेल म्हणजे निव्वळ जाहिरात, सोडून द्या. स्कोअरनंतर कोडसकट आलेली मेल थोडी कामाची, म्हणजे तुमचा आकडा त्यांना हवाय, पण अर्ज वाढले की नकारही वाढतात आणि कॉलेज जास्त सिलेक्टिव्ह दिसतं, हेही त्यामागे असू शकतं. शिवाय कोडने फक्त कॉलेजची फी वाचते, एलसॅकचा सीएएस रिपोर्ट, म्हणजे तुमचे मार्क आणि स्कोअर एकत्र करून कॉलेजला जाणारी फाइल, दर कॉलेजमागे साधारण ४५ डॉलरला पडतो तो बहुतेक वेळा तुमच्याच खिशातून. तिसरी माफी एलसॅकची स्वतःची, घरच्या उत्पन्नावर मिळणारी. त्यात परीक्षा, सीएएस आणि काही रिपोर्टसुद्धा येतात, बसत असाल तर सगळ्यात आधी हीच मागा, फक्त त्याला सिटिझनशिप किंवा ग्रीन कार्ड वगैरे लागतं.

खरी तुलना इथे आहे. समजा एका कॉलेजने फी माफ केलीये आणि दुसरं, तुम्हाला मनापासून हवं असलेलं, ८५ डॉलर मागतंय. दोघांचा ५०९ रिपोर्ट, म्हणजे कॉलेजचे आकडे जाहीर करणारा अहवाल, उघडा. एबीए, म्हणजे लॉ स्कूलना मान्यता देणारी अमेरिकन बार असोसिएशन, हिच्या नियमाने तो प्रत्येक मान्यताप्राप्त कॉलेजला वेबसाइटवर टाकावाच लागतो. त्यात एलसॅट आणि जीपीएचे २५, ५० आणि ७५ पर्सेंटाइल असतात, म्हणजे ज्या आकड्याच्या खाली २५, ५० किंवा ७५ टक्के मुलं आहेत तो आकडा. तुमचा स्कोअर पहिल्याच्या ७५ च्या वर असेल तर तिथे स्कॉलरशिपवर घासाघीस करता येते, २५ च्या खाली असाल तर कोड असूनही फारशी आशा नको. आणि त्याच रिपोर्टमधला कंडिशनल स्कॉलरशिपचा तक्ता अजिबात सोडू नका, कारण ३.० जीपीए टिकवा अशी अट वाचायला सोपी वाटते पण पहिल्या वर्षाचे मार्क कर्व्हवर असतात, म्हणजे सगळे हुशार असले तरी काहीजण खाली जाणारच, आणि ऐन दुसऱ्या वर्षी पूर्ण फी अंगावर येते. किती जणांची स्कॉलरशिप कमी झाली किंवा गेली ते तिथे आकड्यात लिहिलेलं असतं. खासगी कॉलेजची वर्षाची फी ६०-७० हजार डॉलरच्या घरात जाते, त्यापुढे ८५ डॉलर काय! बार पासिंग, म्हणजे वकिलीच्या परवान्याची परीक्षा किती जण पास झाले, आणि डिग्रीनंतर १० महिन्यांनी किती जणांना पक्की वकिलीची नोकरी होती हेही दोघांचं शेजारी ठेवून बघा.

पुण्या-मुंबईतून एलएलबी करून एलएलएमला जाणाऱ्यांना हे आकडे लागू नाहीत, ते जेडीचे, म्हणजे अमेरिकेतल्या वकिलीच्या मुख्य डिग्रीचे, असतात. त्यांनी स्कॉलरशिपची रक्कम लेखी मागावी.

आणि हव्या त्या कॉलेजने कोड पाठवलाच नाही तर अॅडमिशन ऑफिसला सप्टेंबरातच दोन ओळींची मेल टाका, स्कोअर लिहा, माफी मिळेल का विचारा. बरीच कॉलेजं देतात, आणि रोलिंग अॅडमिशनमुळे, म्हणजे अर्ज येतील तसे निर्णय होत जातात म्हणून, लवकर अर्ज गेलेला बराच.