केनियाचं ८७ क्लास डिझेल, घरच्या कॉम्प्युटरवर सात महिने: एका वायडीएम-४ वाल्याचा अनुभव

दिवाळीत नातू आला होता, त्यानं माझ्या कॉम्प्युटरवर ट्रेन सिम्युलेटर टाकून दिला आणि म्हणाला आबा तुम्ही दिवसभर रेल्वेच्याच गोष्टी सांगता तर आता चालवा पण. पहिले आठ-दहा दिवस त्यात जे आलं होतं तेच चालवलं, युरोपातल्या गाड्या, सगळं गुळगुळीत, मन काही रमलं नाही. मग त्यानंच शोधून केनियातल्या मोंबासा ते नैरोबी लाइनीचा रूट पॅक घेऊन दिला, त्यात ईस्ट आफ्रिकन रेल्वेचं इंग्लिश इलेक्ट्रिकचं ८७ क्लास डिझेल आणि ५९ क्लासचं गॅरेट स्टीम इंजिन (मधे एकच बॉयलर आणि पुढं-मागं चाकांचे दोन संच), दोन्ही आहेत. पॅकचं आणि सिम्युलेटरचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण खाली चुका पण लिहिणार आहे आणि बनवणारे हौशी लोक आहेत, त्यांची मेहनत मला दिसते.

माझी ओळख एवढीच की मी अकोला-खंडवा मीटर गेजवर आधी फायरमन, मग डिझेल असिस्टंट, मग ड्रायव्हर. वायडीएम-४ वर, म्हणजे आपल्या मीटर गेजच्या डिझेल इंजिनवर, माझी सगळी उमर गेली. त्यामुळे हा रिव्ह्यू ग्राफिक्सवाल्यांसाठी नाही, इंजिन कसं वागतं यावर आहे.

सगळ्यात आधी हे सांगतो की हा रूट आपल्या माणसाला परका वाटतच नाही. तिथली लाइन पण मीटर गेज, आणि ती तशी आहे कारण १८९६ ला मोंबासाहून काम सुरू झालं तेव्हा माणसं, सामान, पद्धत सगळं हिंदुस्थानातून जहाजानं गेलं. बत्तीस हजाराच्या आसपास मजूर गेले होते इथून. आमच्या अकोल्याच्या यार्डातला रूळ आणि या रूटवरच्या व्होई स्टेशनच्या यार्डातला रूळ, दोन्हीकडे अंतर एक मीटरच. कॅबमधून समोर बघितलं की रुळाची रुंदी डोळ्याला बरोबर बसते, ब्रॉड गेजच्या सिम्युलेटरमधे ते कधीच होत नाही.

आता इंजिन. ८७ क्लास म्हणजे मूळचं ९० क्लास, १९६० पासून आलेलं, नंतर नंबर बदलले. इंग्लिश इलेक्ट्रिकनं व्हल्कन फाउंड्रीत बनवलेलं, १,८४० हॉर्सपॉवर, बारा सिलिंडरचं व्ही इंजिन, १२ सीएसव्हीटी म्हणतात त्याला, टर्बो आहे आणि टर्बोतून येणारी हवा थंड करणारा कूलर पण आहे. आमचं वायडीएम-४ सहा सिलिंडरचं सरळ रांगेतलं अल्को कंपनीचं इंजिन, १,४०० हॉर्सपॉवर, वजन ७२ टन, सहा एक्सल आणि सहाच्या सहा मोटरवाले. ८७ ला एक्सल आठ, त्यात मोटर सहालाच. दोन्ही टोकांचा एकेक एक्सल नुसता वजन उचलतो, वन-को-को-वन म्हणतात ही रचना. कशासाठी, तर एवढं जड मशीन हलक्या रुळावर न्यायचं तर वजन जास्त चाकांवर वाटून द्यावं लागतं. तिथं मोंबासा-नैरोबी लाइन मजबूत होती, ५९ क्लास गॅरेटचा २१ टनाचा एक्सल ती झेलायची, पण नैरोबीच्या पुढं वर युगांडाकडे तसा रूळ नव्हता, म्हणून ही आठ एक्सलची युक्ती.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाहीये, चालवताना हाताला लागतं. वायडीएम-४ ला सगळं वजन ओढायच्या चाकांवरच, म्हणून चाक धरून ठेवतं. ८७ मधे वजनाचा एक हिस्सा त्या नुसत्या फिरणाऱ्या चाकांवर जातो, त्यामुळे चढावर लोड घेऊन उभी गाडी काढताना नॉच (पॉवर वाढवायच्या पायऱ्या) घाईनं वाढवला की चाक लगेच सुटतं, म्हणजे जागेवरच फिरतं. बनवणाऱ्यांनी हे बरोबर पकडलंय आणि इथं मी त्यांना मनापासून मानलं. पहिल्या महिन्यात मी आपल्या सवयीनं गाडी काढायला गेलो तर चार वेळा व्हील स्लिप, लोड मीटरची (मोटरला किती करंट जातोय ते दाखवणारी) सुई नाचायला लागली, पाचव्या वेळी थांबलो, चाकाला पकड मिळावी म्हणून रुळावर रेती मारली, एक नॉच, थोडं थांबून दुसरा, सुई स्थिर झाल्यावर तिसरा, तेव्हा कुठं गाडी हलली. शिकाऊ असताना माझ्या ड्रायव्हरनं हेच शिकवलं होतं, सुई बसल्याशिवाय हात लावायचा नाही.

ब्रेकचं मात्र मला नव्यानं शिकावं लागलं. आमच्या मीटर गेजला व्हॅक्यूम ब्रेक, इंजिनवर ५३ सेंटीमीटर, गार्डच्या डब्यात ४७, या आकड्यांवर आम्ही जगलो. केनियाकडे स्टीमच्या जमान्यापासून वेस्टिंगहाउसचा एअर ब्रेक, गॅरेटच्या अंगावर तो हवेचा पंप बसवलेला दिसतो. व्हॅक्यूम कसा, हळू लागतो हळू सुटतो, माणूस आधीपासून अंदाज घेतो. एअर पटकन लागतो म्हणून सुरुवातीला लय आवडला मला, आणि तिथंच फसलो. मझेरासहून मोंबासाकडे उतरताना मी सवयीनं थोडा लावला, सोडला, परत लावला, परत सोडला, असं करत आलो, आणि दर वेळेला पाइपात आणि डब्याखालच्या टाक्यांत हवा पूर्ण भरायला वेळच मिळाला नाही, तिसऱ्या-चौथ्या वेळेला ब्रेक लावला तर अंगात दमच नाही ब्रेकच्या. गाडी पळाली. कॉम्प्युटरवरची गाडी आहे हे माहीत असून माझे तळहात ओले झाले. उतार सुरू व्हायच्या आधीच स्पीड कमी करायचा, एकदाच नीट ब्रेक धरायचा आणि परत सोडायची वेळ आली तर टाकी भरू द्यायची, हे अंगवळणी पडायला मला पूर्ण डिसेंबर लागला. कोणी घेणार असेल तर पहिल्या दिवशी नैरोबीकडून मालगाडी घेऊन उतरू नका, मोंबासाहून रिकामे वॅगन घेऊन चढा.

आणि चढायचं तर मझेरास. हे लिहायला बसलो ते खरं त्याच्यासाठीच. मोंबासा हे बेट, तिथून माकुपाच्या भरावावरून गाडी जमिनीवर येते, चांगामवे, मिरितिनी, आणि मग मझेरासच्या आधी लाइन गोल फिरून आपल्याच डोक्यावरून जाते. खालून गेलो तोच रूळ थोड्या वेळानं खिडकीतून खाली दिसतो. ज्यांनी धुळघाट बघितलाय त्यांना पुढं काही सांगायची गरज नाही. आमच्या लाइनला वाण रोड सोडलं की मेळघाटात गाडी अशीच वेटोळं घालून स्वतःला ओलांडून वर जायची, मीनाक्षी एक्सप्रेसचे प्रवासी दारात येऊन उभे राहायचे बघायला, लहान पोरं ओरडायची. मी त्या वळणावरून किती वेळा गेलो त्याची मोजदाद नाही. ती मीटर गेज बंद झाली, मीनाक्षी गेली. आणि नोव्हेंबरच्या एका सकाळी अकोल्यात घरात बसून, चहा शेजारी गार होतोय, आणि समोर स्क्रीनवर गाडी डावीकडं वळत वळत चालली आहे, मागं बघितलं तर शेवटचे वॅगन खालच्या रुळावर. मी गाडी तिथंच थांबवली. चढावर थांबवू नये हे माहीत असून थांबवली.

तेव्हापासून आठवड्यातून चार-पाच दिवस तरी सकाळी हाच तुकडा करतो, मोंबासा ते मरियाकानी. पूर्ण नैरोबी पाचशे तीस किलोमीटर आहे, ते सेव्ह करत करत तीन दिवसांत करतो.

आवाजाचं सांगतो. इंजिनाचा आवाज चांगला आहे, टर्बोची शिट्टी आणि खाली ती जाड घरघर, आणि तो बरोबर असायचं कारण असं की याच जातीचं १२ सीएसव्हीटी इंग्लंडच्या क्लास ३७ डिझेलला पण आहे, ती पण १९६० पासूनचीच आणि तिथं आजही काही चालू आहेत, म्हणजे रेकॉर्डिंगला अस्सल इंजिन मिळतं. पण आवाज लोडप्रमाणे बदलत नाही हो. रिकामी गाडी असो की हजार टन, नॉच तोच तर आवाज तोच. खरं इंजिन असं नसतं, लोड आला की आवाज खाली बसतो, दबतो, ड्रायव्हर मीटर न बघता कानानं ओळखतो की आता मशीन ओढतंय. आमचं अल्को तर धुरानं पण सांगायचं, नॉच पटकन वाढवला की टर्बो मागं राहायचा आणि काळा लोट निघायचा. इथं ८७ चा धूर कायम एकसारखा राखाडी. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार, कारण कान बंद करून इंजिन चालवणं म्हणजे अर्धी कला गेली.

दुसरी तक्रार उजेडाची. नैरोबी विषुववृत्ताला अगदी लागून, तिथं बाराही महिने दिवस बारा तासांचाच, साडेसहाच्या सुमारास उजाडतं आणि साडेसहाच्याच सुमारास अंधार पडतो, तोही पटकन. पॅकमधे जूनची तारीख लावली की संध्याकाळी आठपर्यंत उजेड रेंगाळतो. बनवणाऱ्यानं आपल्या गावाचा सूर्य लावून ठेवलाय. तारीख २१ मार्च करून ठेवा, बरोबर दिसतं.

झाडी पण जास्त हिरवी. मझेरास सोडून वर आलं की तारूचा कोरडा पट्टा लागतो, काटेरी झुडपं आणि लाल माती, पाण्याचे हाल. डिझेल आणायचं एक कारण तेच तर होतं, स्टीमला पाणी लागतं आणि त्या भागात पाणी नाही, आणि कोळसा केनियात निघत नाही म्हणून गॅरेटमधे पण तेलच जाळायचे. ते वाळवंट हिरवंगार दाखवलं तर डिझेल का आलं हे बघणाऱ्याला कसं कळणार?

गॅरेट पण चालवलं, लिहिणं भाग आहे. बेयर पीकॉकनं १९५५-५६ ला बनवलेली ३४ इंजिनं, २५२ टन वजन, मीटर गेजवरचं सगळ्यात मोठं धूड, आणि दीड टक्क्याच्या चढावर बाराशे टन ओढायचं. त्यांना डोंगरांची नावं दिली होती, दोन अजून नैरोबीच्या रेल्वे म्युझियममधे उभी आहेत. फायरमनगिरी केलेल्या माणसाला ते बघून ऊर भरून येतो. पण खरं सांगतो, डिझेलवाल्याची जी हेटाळणी होते की डबा आहे नुसता, ते मला पटत नाही. स्टीमला शेडमधे तयार करायला तास न् तास लागायचे, घाटातून उतरल्यावर परत पाणी, परत साफसफाई. डिझेल आलं आणि ड्रायव्हरचं अंग पोळायचं थांबलं, हे ज्यानं सोसलंय त्याला विचारा.

स्टेशनं छान केली आहेत. मकिंडूला गुरुद्वारा दाखवलाय, १९२६ चा, रेल्वेवरच्या शीख कारागिरांनी बांधलेला, तिथं आजही जाणाऱ्या-येणाऱ्याला लंगर मिळतो. मतितो अँडेईला मात्र माझा कॉम्प्युटर दर वेळी अडकतो, ८ जीबी रॅम आहे, जावई म्हणाले १६ करा, केल्यावर दोनदा नीट गेलं आणि तिसऱ्यांदा परत अडकलं, म्हणजे दोष पॅकमधेच आहे. त्याआधी सेव्ह करायचं.

नैरोबीला पोचलं की पॅक संपतो ही खरी हळहळ. नैरोबीच साधारण १,६६० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा उंच, आणि समुद्रापासून तिथवर इंजिनानं ओढत आणलेलं असतं. पण खरी मजा पुढं, रिफ्ट व्हॅलीत उतरायचं, नाकुरूहून परत चढायचं ते टिंबोरोआ, २,७४० मीटरच्या आसपास. हवा पातळ झाली की डिझेलचा दम कसा कमी होतो आणि टर्बो किती सांभाळून घेतो, ते मला या ८७ वर बघायचं होतं. बनवणाऱ्यांना ईमेल केलाय, नातवानं इंग्रजीत करून दिला, उत्तर आलं की काम चालू आहे. आता २०१७ पासून मोंबासा-नैरोबी चिनी स्टँडर्ड गेजची नवी लाइन झाली आहे, नवीन पोरं तिचाच पॅक मागतात, म्हणून जुन्या लाइनीवर जे काम करतात त्यांना चार चांगले शब्द लिहून पाठवा.

पैशाचं म्हणाल तर वसूल झाले. आवाज सुधारला तर परत पैसे देईन.

मागच्या रविवारी माझा जुना असिस्टंट आला होता, अकरा वर्षं आम्ही एका कॅबमधे काढली, तोही आता रिटायर आहे. त्याला खुर्ची शेजारी ओढून दिली, नेहमीसारखी डावीकडं. मोंबासाहून बत्तीस भरलेले वॅगन घेतले, मुद्दाम जास्त. तो आधी गप्प होता, मोबाइल बघत होता. गोल वळणाला लागलो, स्पीड उतरत चालला, सुई लालात गेली आणि चाक सुटलं. त्याचा हात आपोआप पुढं आला, टेबलावर जिथं काहीच नाही तिथं, आणि म्हणाला, "साहेब, रेती मारा ना, चाक फिरून राह्यलं!"

मारली. गाडी थांबली नाही. वर पुलावर आलो तेव्हा तो खिडकीच्या बाजूनं वाकून खालचा रूळ बघत होता.